एप्रिल-मेमध्ये युरोप: वसंत नेमका कुठे गाठावा?

शेवंती_ठाणे | ११ जानेवारी २०२६, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

माझी आई ६८ वर्षांची आहे. ठाण्याच्या आमच्या गच्चीत तिच्या शंभरेक कुंड्या आहेत, आणि गेली तीस वर्षं तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. गेल्या महिन्यात जेवताना एकदम म्हणाली, "एकदा ट्यूलिपचं शेत बघायचंय गं. बाग नाही, शेत." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

जाणारे आम्ही चौघं: आई, मी, नवरा आणि मुलगा (वय १०). त्याची परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, म्हणजे २१ एप्रिलच्या आधी निघता येत नाही. ५ मेपर्यंत परत यायचं आहे. दोन-तीन सहल कंपन्यांची वेळापत्रकं पाहिली. अकरा दिवसांत सात देश आणि ट्यूलिपसाठी दोन तास! आईचे गुडघे दुखतात, तिला हे झेपणार नाही. म्हणून स्वतःच आखायचं ठरवलं आहे.

प्रश्न असे: २१ एप्रिलनंतर ट्यूलिप असतात का? उरलेले दिवस कुठे घालवावेत? नवऱ्याला स्वित्झर्लंड जोडायचं आहे, ते त्या दिवसांत योग्य आहे का? आणि ट्यूलिपचे कंद आणता येतात का? (हा प्रश्न आईचा.)

---

लायडनकर | १२ जानेवारी, पहाटे १.१५

शेवंतीताई, आईंनी "बाग नाही, शेत" म्हटलं हे वाचून फार आनंद झाला. मी नऊ वर्षं हॉलंडमधल्या लायडनला राहतो. येणारे बहुतेक पाहुणे क्युकेनहॉफ बघतात आणि शेतं बसच्या काचेतून मागे जातात.

आधी बागेचं. क्युकेनहॉफ यंदा १९ मार्च ते १० मे उघडं आहे. ३२ हेक्टर जागा आणि दर शरदात लावलेले सुमारे ७० लाख कंद. एकाच वाफ्यात थरावर थर लावतात, उशिरा फुलणारे खाली आणि लवकर फुलणारे वर, त्यामुळे आठ आठवडे वाफा उघडा पडत नाही. आधी क्रोकस आणि डॅफोडिल, मग हायसिंथ, आणि साधारण एप्रिलच्या मध्यापासून ट्यूलिप. तुमच्या तारखांना बागेत फुलं नक्की असतील. तिकीट ऑनलाइन आणि वेळ ठरवून घ्यावं लागतं. सकाळी उघडतानाची वेळ घ्या, अकरानंतर गर्दी फार होते. आईंसाठी व्हीलचेअर आधीच नोंदवून ठेवा. रस्ते सपाट आहेत, ढकलायला त्रास नाही.

शेताचं गणित मात्र वेगळं. शेतकऱ्याला फूल विकायचं नसतं, कंद विकायचा असतो. फूल उमललं, रोगट रोपं वेचून काढली, की यंत्र फिरवून मुंडकी उडवतात, म्हणजे रोपाची ताकद कंदात उतरते. आज दिसलेला लाल पट्टा परवा नुसता हिरवा असतो. वसंत लवकर तापला तर एप्रिलअखेर बरीच शेतं अशी उडवलेली असतात. म्हणून माझा आग्रह आहे: विमानातून उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत शेतं. ॲमस्टरडॅम, पवनचक्क्या, वस्तुसंग्रहालयं, सगळं नंतर.

मुक्काम ॲमस्टरडॅमऐवजी लायडनला करा. स्किपोल विमानतळावरून ट्रेनने पाव तास-वीस मिनिटं लागतात आणि लायडन स्टेशनवरून क्युकेनहॉफची थेट बस सुटते. तिकिटाची भानगड नाही, बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावायचं. उतरताना लावायला विसरू नका, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. लायडन ते हारलेम या लोकलच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना शेतं दिसतात. आईंना चालवत नसेल तेव्हा ही सर्वात सोपी युक्ती. प्रत्यक्ष शेताच्या कडेला उभं राहायचं तर लिस आणि हिलेगॉमच्या मधल्या छोट्या रस्त्यांवर टॅक्सीने जा. शेतात मात्र पाऊल टाकू नका. बुटांबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो, आणि फोटोसाठी आत घुसणाऱ्यांनी इथल्या शेतकऱ्यांना फार मनस्ताप दिला आहे.

लायडनची वनस्पती बाग आईंना जरूर दाखवा. १५९० साली स्थापन झालेली. तिथे क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्की मुलखातून आलेले कंद लावले आणि १५९४ मध्ये ते फुलले. इथल्या ट्यूलिपची कहाणी तिथून सुरू होते. त्याच्या नावाची एक रानटी ट्यूलिप पश्चिम हिमालयातसुद्धा उगवते.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. सगळा देश नारिंगी कपड्यांत रस्त्यावर असतो. बघायला सुंदर, पण ॲमस्टरडॅमच्या त्या गर्दीत आईंना नेऊ नका. लायडनमध्येच सकाळी मुलांचा जुन्या खेळण्यांचा बाजार भरतो, तुमचा मुलगा खूश होईल.

---

भटकी_पावलं | १२ जानेवारी, सकाळी ८.०५

लायडनकरांनी ट्यूलिपचं सगळं सांगितलं. मला थोडं मागे जाऊन बोलायचं आहे. निवृत्तीनंतर मी आणि सौ. सहा वेळा वसंतात युरोपला गेलो, आणि पहिल्या दोन वेळा चुकलो. तीच चूक दर वर्षी इथे कुणी ना कुणी करताना दिसतं.

आपण "युरोपचा वसंत" म्हणतो तेव्हा सगळीकडे एकाच वेळी फुलं आली असं धरून चालतो. आपला मोसमी पाऊस आधी केरळात, मग कोकणात आणि त्यानंतर विदर्भात पोचतो ना? वसंत तिथे तसाच दक्षिणेकडून चालत येतो आणि शिवाय डोंगर चढतो. सेव्हिलमध्ये तो मार्चमध्ये असतो, हॉलंडमध्ये एप्रिलच्या मध्यावर, नॉर्वेच्या हार्डांगर फियॉर्डला मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. आल्प्सच्या दोन हजार मीटरवरच्या कुरणांत जून उजाडतो. म्हणून आधी देश ठरवून तारखा शोधू नका. तारखा हातात घ्या आणि त्या आठवड्यात वसंत कुठे पोचला आहे ते बघा.

आमची पहिली चूक अशी. आम्ही मे महिन्याच्या शेवटी सेव्हिल आणि कोर्दोबाला गेलो. दुपारी बाहेर पडवत नव्हतं. नंतर एकदा मार्चच्या शेवटी गेलो तर तेच सेव्हिल ओळखू येईना. तिथे रस्त्यांच्या कडेला कडू संत्र्यांची हजारो झाडं आहेत, आणि त्यांना मार्चमध्ये बहर येतो. संध्याकाळी अख्खं शहर त्या वासाने भरून जातं. सौ. म्हणाली, नागपूरला माहेरच्या संत्र्याच्या बागेत आंबे बहराच्या वेळी असाच वास यायचा. त्या वासासाठी ती तिथे तीन संध्याकाळी एकाच चौकात बसली, आणि मीही तिच्या शेजारी.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तिथे रात्ररात्र मिरवणुका निघतात. तेव्हा खोल्यांचे भाव दुपटीच्या पुढे जातात, म्हणून ईस्टर कधी आहे ते बघूनच आखा. यंदा ५ एप्रिलला आहे, ग्रीसमध्ये मात्र १२ एप्रिलला, कारण त्यांची गणना वेगळी. कोर्दोबाला जायचं तर मेचा पहिला पंधरवडा: लोक आपल्या घरांची अंगणं सजवतात आणि स्पर्धेसाठी सगळ्यांना उघडी ठेवतात. पांढऱ्या भिंतीवर वरपर्यंत टांगलेल्या निळ्या कुंड्या, आणि उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी घालतात. आईंसारख्या कुंड्यांवाल्या माणसाला ते बघून भरून येईल. पण तुमच्या तारखांत हॉलंड आणि कोर्दोबा दोन्ही बसवू नका. एकच पट्टा धरा. २१ एप्रिल ते ५ मे म्हणजे तुमचा पट्टा हॉलंड, बेल्जियम आणि उत्तर जर्मनी.

---

बेळगावची_पोर | १२ जानेवारी, सकाळी ९.३०

बेल्जियमचं निघालंच आहे तर हालेरबोस. ब्रसेल्सच्या दक्षिणेला हाले गावाजवळचं बीच वृक्षांचं जंगल. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत जमिनीवर निळ्या-जांभळ्या घंटाफुलांचा गालिचा असतो. वरची पालवी दाट होऊन सावली पडायच्या आत ही फुलं आपलं सगळं उरकून घेतात. म्हणजे साताऱ्याच्या कासवरच्या फुलांसारखंच, मोजके आठवडे. पायवाट सोडायची नाही, तुडवलेली झाडं पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात. वाट थोडी चढउताराची आहे, काकूंच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

---

सह्याद्रीचा_वारा | १२ जानेवारी, दुपारी १.२०

नवऱ्याच्या बाजूने बोलतो. इतक्या लांब जाऊन स्वित्झर्लंड का सोडायचं? आम्ही २६ एप्रिलला युंगफ्राउयोखला होतो. ३,४५४ मीटरवर भरपूर बर्फ आणि स्वच्छ ऊन. मुलं वेडी झाली.

---

भटकी_पावलं | १२ जानेवारी, दुपारी ३.००

ऊन मिळालं याचा आनंद आहे. युंगफ्राउयोख बारा महिने चालू असतं, हे खरं. पण एप्रिलचा शेवट हा तिथे दोन मोसमांच्या मधला काळ. स्कीवाले गेलेले, उन्हाळ्यातले लोक यायचे असतात, म्हणून अनेक रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन हे घाट बर्फाखाली असतात आणि मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतात. मधल्या उंचीवर धड बर्फ नाही, धड फुलं नाहीत, आणि पायवाटा चिखलाच्या. आम्ही मुरेनला तीन दिवस धुक्यात काढले. ही माझी दुसरी चूक.

मेच्या मध्यानंतर जाणाऱ्यांना मात्र मी आग्रहाने सांगेन. बर्फ वितळत असतो तेव्हा लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातले धबधबे ऐन भरात असतात. त्यातला श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटर सरळ खाली येतो. आणि मॉन्त्रोच्या वर लेझाव्हांच्या कुरणांत पांढरी नार्सिसस फुलते, तिला तिथले लोक "मेचं बर्फ" म्हणतात. शाळेची सुट्टी मे महिन्यातच मिळते अशी घरं आपल्यात जास्त. त्यांनी ट्यूलिपसाठी धावण्यापेक्षा हे बघावं.

---

निफाडचा_द्राक्षवाला | १२ जानेवारी, रात्री ११.५०

ताई, हॉलंडनंतर हॅम्बुर्गला या. मी सात वर्षं इथे नोकरीला आहे, मूळचा निफाड तालुक्यातला, घरी द्राक्षबाग. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

हॅम्बुर्गच्या पश्चिमेला एल्ब नदीच्या काठी आल्टेस लांड नावाचा फळबागांचा मुलूख आहे. बाराव्या शतकापासून हॉलंडहून आलेल्या लोकांनी दलदल उपसून, बंधारे घालून ही जमीन काढली. तुम्ही लायडनला जे कालवे बघाल तेच इथे सफरचंदाच्या ओळींमधून दिसतील. आधी चेरी फुलते, मग एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सफरचंद. कळी गुलाबी आणि फूल उमललं की पांढरं. योर्क आणि श्टाइनकिर्शेन ही गावं धरा. जुनी विटांची घरं, लाकडी चौकटींवर नक्षी, आणि बंधाऱ्यावर चढलं की एका बाजूला नदीतली मोठी जहाजं आणि दुसऱ्या बाजूला बहर. गर्दी युरोपातल्या नावाजलेल्या ठिकाणांच्या मानाने काहीच नाही. हॅम्बुर्गच्या धक्क्यावरून ६२ नंबरची बोट फिंकेनवेर्डरला जाते, शहराच्या नेहमीच्या तिकिटात. तिथून बस.

मला इथे पहिल्याच वर्षी एक गोष्ट बघायला मिळाली. बहराच्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली गेला तर शेतकरी झाडांवर पाण्याचे फवारे सोडतात. मला वाटलं, हे काय करतात, उलट गारठतील ना! पण पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते, आणि फवारा चालू आहे तोवर बर्फाच्या आतली कळी शून्याच्या आसपासच राहते, मरत नाही. पहाटे सगळी बाग काचेची झालेली असते. आमच्याकडे थंडीची लाट आली की वडील रात्रभर जागून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. त्या पहाटे मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "पंप किती हॉर्सपॉवरचा आहे, विचार."

त्या दिवसांत सगळीकडे पांढरा ॲस्परॅगस मिळतो. मातीचे उंच वरंबे करून आत अंधारात वाढवतात म्हणून पांढरा. एप्रिलपासून बरोबर २४ जूनपर्यंत, नंतर तोडणी बंद, म्हणजे रोपाला पुढच्या वर्षासाठी दम धरता येतो. शाकाहारी असाल तर "हॅमशिवाय" आणि सॉसऐवजी वितळलेलं लोणी असं सांगून मागा, कारण त्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं.

---

मांडवीकाठ | १३ जानेवारी, पहाटे ४.१०

शेवंतीताईंच्या मार्गात हे बसणार नाही, पण धागा पुढे अनेकांच्या कामी येईल म्हणून लिहिते. मी मूळची पणजीची, सध्या लिस्बनला असते.

२५ एप्रिलला इथे असाल तर कुठलाही किल्ला-राजवाडा सोडा आणि दुपारी अवेनिदा दा लिबर्दादवर उभे राहा. १९७४ साली याच दिवशी सैनिकांनी हुकूमशाही उलथवली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. दर वर्षी लहानथोर हातात ते फूल घेऊन चालतात. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये, पण गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस. माझे आजोबा त्या बातमीबद्दल सांगायचे. पहिल्यांदा त्या गर्दीत फूल घेऊन उभी राहिले तेव्हा मला रडू आवरलं नाही.

मेच्या शेवटी आलात तर नीलमोहर. लिस्बनचे काही चौक तेव्हा नुसते जांभळे असतात, वर आणि खालीही.

---

कागदपत्रं_तयार | १३ जानेवारी, सकाळी ११.००

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात एप्रिल-मेच्या प्रवासासाठी मुंबईत वेळा लवकर भरतात, तेव्हा याच महिन्यात करा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार तिथे. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, आणि आईंचा विमा घेताना रक्तदाब-मधुमेह असेल तर लपवू नका. नव्या पद्धतीत सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, १२ वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो. रांगेत वेळ जातो, म्हणून उतरल्या उतरल्या पुढची ट्रेन पकडायचं तिकीट काढू नका.

---

सुगरण_कल्याण | १३ जानेवारी, दुपारी २.४५

खाऊ नेताना एक लक्षात ठेवा. मांस आणि दूध यांपासून केलेलं काहीही भारतातून न्यायला मनाई आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप सगळं घरीच. आणि एप्रिल म्हटलं की हात आपोआप हापूसच्या पेटीकडे जातो, तोही नेता येत नाही. ताज्या फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. मेतकूट, चटण्या, तेलातले ठेपले, भाजणी खुशाल न्या.

---

दमेकरी | १३ जानेवारी, सायंकाळी ७.१०

दम्याचा किंवा शिंकांचा त्रास असेल तर औषध बरोबर ठेवा. एप्रिलमध्ये उत्तर युरोपात बर्चच्या झाडांचे परागकण हवेत असतात. मला इथे कधी त्रास नव्हता, तिथे दुसऱ्याच दिवशी डोळे सुजले.

---

लायडनकर | १४ जानेवारी, पहाटे १२.३०

कंदांचं राहिलं होतं. आईंना सांगा, नुसते पिशवीत घालून नेऊ नका. भारतात कंद आणायला आयातीचा परवाना आणि इथला रोगमुक्ततेचा दाखला लागतो. वसंतात कंद तसेही जमिनीत असतात, विक्री शरदात. आणि मुख्य म्हणजे ट्यूलिपला फुलण्याआधी साधारण बारा ते चौदा आठवडे कडक थंडी लागते. ठाण्यात ती फ्रिजमध्येच. आपल्याकडे हिवाळ्यात काही रोपवाटिका आधीच थंडी दिलेले कंद विकतात, ते कुंडीत लावून बघा.

कपडे थरांचे आणा. इथे म्हणतात, एप्रिल त्याला हवं ते करतो. एका दिवसात ऊन, वारा, गारा. पण रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी आईंना झोपू द्या आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा.

---

शेवंती_ठाणे | १८ जानेवारी, रात्री ९.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलं: लायडन ७ रात्री, हॅम्बुर्ग ५ रात्री. स्वित्झर्लंड पुन्हा कधीतरी, मे महिन्यात. नवऱ्याने भटकी_पावलं यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि स्वतःच म्हणाला की राहू दे.

---

शेवंती_ठाणे | ९ मे, रात्री ११.२०

मंगळवारी परत आलो. मुलगा झोपला आहे, आई गच्चीत आहे, म्हणून लिहायला बसले.

लायडनकर, तुमचं ऐकलं हे किती बरं झालं. उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी टॅक्सीने हिलेगॉमच्या बाजूला गेलो. एक शेत जांभळं, पलीकडचं पिवळं. आई कडेला उभी राहिली आणि अर्धा तास कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो तर पिवळ्या शेतात यंत्र फिरत होतं आणि ओळींमध्ये मुंडक्यांचा खच पडला होता. माझ्या पोटात तुटलं. यंत्र थांबलं तेव्हा एक म्हातारे शेतकरी आमच्याकडे आले. त्यांना इंग्रजी बेताचं, आईला तेवढंही नाही. त्यांनी एक रोप उपटून आईच्या हातात दिलं आणि आपली मूठ हळूहळू मोठी करून दाखवली. आईने लगेच मान हलवली. मला म्हणाली, "अगं, पातीच्या कांद्याला दांडा आला की आपण मोडतो ना, तसं. फूल पोसलं की खाली काही उरत नाही." मग तिने त्यांना खुणेनेच विचारलं, खत कुठलं. दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

ते रोप तिने हॉटेलच्या पेल्यात ठेवलं होतं, निघताना तिथल्या सफाई करणाऱ्या बाईंना दिलं.

आल्टेस लांडला चेरी सरत आली होती, सफरचंद अर्धं उमललं होतं. गोठलेली बाग काही दिसली नाही, रात्री तेवढ्या थंड नव्हत्या. निफाडकर दादा आणि वहिनींनी घरी बोलावून बाजरीची भाकरी खायला घातली, हे इथे सगळ्यांसमोर सांगायचं होतं. बंधाऱ्यावरच्या बाकावर आई आणि मुलगा जहाजं मोजत बसले, अठरा झाली.

हालेरबोस जमलं नाही, गुडघ्याने त्या दिवशी साथ दिली नाही. बाकी प्रत्येक दिवसाचा खर्च, ट्रेनची तिकिटं आणि कुठे शाकाहारी जेवण बरं मिळालं ते वेगळं लिहिते. फोटो रविवारी टाकेन. आई म्हणते आधी पिवळ्या शेताचे टाक, दोन्ही दिवसांचे शेजारी शेजारी.